जनुकाची नोंद झाली, त्याच्या कामाची कधी होणार?

सिकलसेल अ‍ॅनिमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे २०४७ पर्यंत देशातून उच्चाटन करण्याच्या राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाला. आदिवासीबहुल भागांतील चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची रक्ततपासणी हे या मोहिमेचे पहिले उद्दिष्ट. २०२५ च्या मध्यापर्यंत ६ कोटींहून अधिक लोकांची तपासणी पूर्ण झाली आणि त्यांत २ लाखांहून अधिक रुग्ण व १६ लाखांहून अधिक वाहक आढळले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर एखाद्या आनुवंशिक दोषाचा शोध घेण्याचा प्रयत्न या देशात यापूर्वी झालेला नाही. त्यामुळे या मोहिमेचे स्वागतच करायला हवे. परंतु या तपासणीत नेमके काय मोजले जाते, याचा विचार केला तर एक महत्त्वाची उणीव लक्षात येते. सदोष जनुक शरीरात आहे की नाही, एवढेच ही तपासणी सांगते. शेजारची जनुके किती काम करतात आणि त्यामुळे आजार किती तीव्र होणार, हे ती सांगत नाही. धुळे, नंदुरबार आणि जळगाव या खान्देशातील तीन जिल्ह्यांच्या दृष्टीने हा फरक केवळ शास्त्रीय राहत नाही. तो औषधोपचाराचा आणि जगण्या-मरण्याचा प्रश्न होतो.

सातपुड्याच्या कुशीतला आजार

धुळे जिल्ह्यातील शिरपूर व साक्री हे तालुके, १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला जवळपास संपूर्ण नंदुरबार जिल्हा आणि जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल व रावेर तालुक्यांचा सातपुड्याला लागून असलेला भाग, हा खान्देशातील आदिवासी पट्टा. भिल्ल, पावरा, तडवी, मावची, कोकणी अशा अनेक जमाती येथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. सिकलसेलच्या जनुकाचे प्रमाण या पट्ट्यात लक्षणीय आहे. पुण्याचे संशोधक डॉ. सुदाम काटे यांनी राज्यातील या आजाराचा माग काढण्यात अनेक दशके घालवली. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. त्यांनी सहकाऱ्यासह २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार राज्यातील वेगवेगळ्या जमातींत वाहकांचे प्रमाण शून्यापासून ३५ टक्क्यांपर्यंत बदलते. भिल्ल, पावरा, माडिया, परधान यांसारख्या जमातींत ते २० ते ३५ टक्के आढळले.

या टक्केवारीचा अर्थ साध्या हिशेबाने समजून घेता येतो. एखाद्या समाजात दर पाच व्यक्तींमागे एक वाहक असेल, तर त्या समाजात होणाऱ्या दर २५ विवाहांपैकी सुमारे एका विवाहात पती व पत्नी दोघेही वाहक असण्याची शक्यता असते. अशा दाम्पत्याच्या प्रत्येक अपत्याला प्रत्यक्ष आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणजे दर १०० जन्मांमागे एक बालक सिकलसेलचा रुग्ण म्हणून जन्माला येते. वाहकांचे प्रमाण ३० टक्के असेल, तर हाच आकडा दुपटीहून अधिक होतो.

भारतात या आजाराची नोंद प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगराळ भागातील आदिवासींत झाली. मलेरियाग्रस्त प्रदेशात या जनुकाची एक प्रत शरीरात असणे उपकारक ठरते, हे १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासातून स्पष्ट झाले. मलेरियाचे थैमान असलेल्या जंगलपट्ट्यांत हे जनुक का टिकून राहिले, याचे उत्तर त्यात आहे. ज्या बदलाने पूर्वजांना तापापासून वाचवले, त्याच बदलाच्या दोन प्रती एकत्र आल्या की संततीच्या वाट्याला वेदना येतात.

अक्षर एक, आजार अनेक

माणसाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांतील ११ व्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर डीएनएची सुमारे साडेतेरा कोटी अक्षरे आहेत. या अक्षरांच्या रांगेत एका टोकाजवळ बीटा ग्लोबिन हे जनुक आहे. रक्तातील प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनचा एक भाग या जनुकाच्या सूचनेनुसार तयार होतो. सिकलसेलमध्ये या जनुकातील केवळ एक अक्षर बदललेले असते: अ‍ॅडेनीनच्या जागी थायमीन येते. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. प्राणवायू सोडल्यानंतर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याचे कडक तंतू बनतात आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते. या पेशी लहान रक्तवाहिन्यांत अडकतात, लवकर फुटतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांत नष्ट होते. हाडे व सांध्यांतील असह्य वेदना, वारंवार होणारा जंतुसंसर्ग, प्लीहेची हानी, पक्षाघात ही या आजाराची रूपे आहेत.

सर्व रुग्णांत हा एका अक्षराचा बदल अगदी सारखाच असतो. आजार मात्र सारखा नसतो. एका रुग्णाला महिन्याकाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागते, दुसरा शेतीची कामे करीत चाळिशी गाठतो. एकाच आईवडिलांच्या दोन मुलांतही असा फरक दिसतो. जनुकातील अक्षर सारखेच असताना हा फरक कोठून येतो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी शास्त्रज्ञांना जनुकांच्या यादीपलीकडे जाऊन जनुकांच्या कामाकडे पाहावे लागले.

यादी आणि मीटर

एखाद्या गावात शेतीपंपांच्या किती वीजजोडण्या आहेत, हे वीज कंपनीच्या यादीवरून कळते. त्यांपैकी कोणता पंप आज चालू आहे, तो किती तास चालला आणि कोणता वर्षभर बंदच आहे, हे मात्र मीटर पाहिल्याशिवाय कळत नाही. मानवी जनुकसंचाच्या बाबतीतही असेच घडले. २२ व्या गुणसूत्राची अक्षरे डिसेंबर १९९९ मध्ये आणि २१ व्या गुणसूत्राची मे २००० मध्ये प्रसिद्ध झाली. ११ व्या गुणसूत्राचा सविस्तर नकाशा मार्च २००६ मध्ये आला. या सर्व याद्या होत्या. मीटर वाचण्याचे काम वेगळे होते.

पेशीत एखादे जनुक कामाला लागते तेव्हा त्याची आरएनए नावाच्या रेणूच्या रूपात प्रत निघते. प्रती जितक्या जास्त, तितके ते जनुक सक्रिय. म्हणून पेशीतील आरएनए मोजला की जनुकांच्या कामाचा अंदाज येतो. २००२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी हाच प्रयोग संपूर्ण गुणसूत्राच्या पातळीवर केला. २१ व २२ या दोन्ही गुणसूत्रांच्या संपूर्ण लांबीवर सरासरी दर ३५ अक्षरांमागे एक याप्रमाणे डीएनएचे सूक्ष्म तुकडे काचेच्या चकतीवर बसवण्यात आले आणि ११ प्रकारच्या मानवी पेशींतील आरएनए त्यांवर सोडून कोणता तुकडा कोणत्या आरएनएशी जुळतो ते पाहण्यात आले. ज्ञात जनुकांच्या हिशेबाने जेवढा आरएनए निघायला हवा होता, त्याच्या दहापटीपर्यंत भागातून तो निघत असल्याचे त्यात दिसले. गुणसूत्राचा जो भाग निरुपयोगी समजला जात होता, त्यातही काही ना काही हालचाल चालू होती. त्या हालचालीतील किती भाग खरोखर उपयोगाचा, यावर शास्त्रज्ञांत पुढे बरीच वर्षे वाद झाला. परंतु जनुकांची यादी हातात आली म्हणजे शरीराचे काम समजले असे होत नाही, हे त्यानंतर कोणीही नाकारले नाही. आज चकत्यांची जागा आरएनएचे थेट वाचन करणाऱ्या यंत्रांनी घेतली आहे आणि एकेका पेशीतील जनुकांचे काम स्वतंत्रपणे मोजता येते.

जन्मानंतर बदलणारी पाळी

सिकलसेलच्या दृष्टीने ११ व्या गुणसूत्रावरील हे मोजमाप विशेष बोलके आहे. बीटा ग्लोबिन हे जनुक एकटे नसते. त्याच रांगेत त्याची आणखी चार भावंडे आहेत. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत पहिले जनुक काम करते. त्यानंतर जन्मापर्यंत गॅमा या नावाची दोन जनुके हिमोग्लोबिन बनवण्याची जबाबदारी घेतात. जन्मानंतर काही महिन्यांत ती मंदावतात आणि बीटा जनुक पूर्ण जोमाने काम करू लागते. कारखान्यातील पाळी बदलावी तसा हा बदल होतो. गंमत अशी, की रात्रपाळीचे कामगार घरी गेले तरी यंत्र जागेवरच असते. गॅमा जनुके नष्ट होत नाहीत, केवळ बंद होतात.

न्यूयॉर्कमधील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच एक मार्मिक निरीक्षण नोंदवले होते. सिकलसेलचा दोष असलेल्या नवजात बालकांना पहिल्या काही महिन्यांत त्रास होत नाही, कारण त्यांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन भरपूर असते, असा तर्क त्यांनी मांडला. तो खरा ठरला. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन विळ्याचे तंतू बनू देत नाही. याचाच पुढचा अर्थ असा, की मोठेपणीही एखाद्याची गॅमा जनुके थोडीफार चालू राहिली, तर त्याचा आजार सौम्य राहतो. गॅमा जनुके बंद करणारी कळ कोठे आहे, हे मात्र २००८ पर्यंत स्पष्ट नव्हते. त्या वर्षी अमेरिकेतील बोस्टन येथील विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या संशोधनातून दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरील बीसीएल११ए हे जनुक ही कळ दाबते, असे सिद्ध झाले. एका गुणसूत्रावरचे जनुक दुसऱ्या गुणसूत्रावरच्या जनुकाचे काम थांबवते, हे नुसत्या अक्षरांच्या यादीवरून कधीच कळले नसते.

भारतीय रुग्णांचे वेगळेपण

भारतातील रुग्णांत सिकलसेलचे जनुक ज्या पार्श्वभूमीवर आढळते, तिला अरब-भारतीय प्रकार म्हणतात. आफ्रिकेतील चार प्रमुख प्रकारांपेक्षा तो वेगळा आहे. या प्रकारात गॅमा जनुकाच्या अगदी अलीकडे एक विशिष्ट अक्षर बदललेले असते आणि त्यामुळे हे जनुक मोठेपणीही काही प्रमाणात काम करीत राहते. आफ्रिकी वंशाच्या बहुतेक रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन १० टक्क्यांच्या आत असते; भारतीय रुग्णांत ते अनेकदा १५ टक्क्यांच्या पुढे आणि काहींत २५ टक्क्यांपर्यंत आढळते. शिवाय पश्चिम भारतातील आदिवासींत अल्फा थॅलेसेमिया हा दुसरा जनुकीय बदल मोठ्या प्रमाणात आहे. तो १६ व्या गुणसूत्रावरील जनुकांचे काम कमी करतो आणि सिकलसेलची तीव्रता काही अंशी घटवतो. एका आजाराची तीव्रता अशी किमान तीन गुणसूत्रांवरील जनुकांच्या कामावर अवलंबून असते.

यावरून भारतीय सिकलसेल हा सौम्य आजार आहे, असा समज बराच काळ रूढ होता. तो पुरता खरा नाही. दक्षिण गुजरातमधील आदिवासी बालकांना जन्मापासून वर्षानुवर्षे तपासणीखाली ठेवणाऱ्या अभ्यासांत आजार तुलनेने सौम्य दिसला, तर नागपूर परिसरातील अशाच अभ्यासांत तो बराच तीव्र आढळला. सौम्य मानल्या जाणाऱ्या गटातही काही बालकांना गंभीर त्रास झाला. खान्देश या दोन टोकांच्या मध्ये वसलेला आहे. नवापूर, साक्रीकडील जमातींची नातीगोती दक्षिण गुजरातशी जुळलेली, तर सातपुड्यातील पावरा समाजाचे संबंध मध्य प्रदेशातील बडवानी, खरगोनशी. अशा स्थितीत गुजरातचा निष्कर्ष उचलून खान्देशाला लावणे किंवा नागपूरचा निष्कर्ष येथे चिकटवणे दोन्ही धोक्याचे आहे. येथील रुग्णांची तीव्रता येथेच, रुग्णागणिक मोजली पाहिजे.

तपासणीतील त्रुटी

गावपातळीवरील शिबिरांत रक्ताच्या थेंबावर केली जाणारी सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त व झटपट आहे. रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही, एवढे ती सांगते. रुग्ण आणि वाहक यांतील भेदही तिला सांगता येत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी यंत्रावरील चाचणी करावी लागते. त्याहून गंभीर मर्यादा तान्ह्या बाळांच्या बाबतीत आहे. पाळी अजून बदललेली नसल्याने नवजात बालकाच्या रक्तात सिकल हिमोग्लोबिनचे प्रमाण अल्प असते आणि चाचणी ते निरोगी असल्याचा चुकीचा निर्वाळा देऊ शकते. पहिला झटका येतो तो त्यानंतर सहा महिने ते वर्षभरात. जंतुसंसर्गाने बालक दगावण्याचा धोका सर्वाधिक असतो तोही याच कोवळ्या वयात. जन्मानंतर लगेच एचपीएलसीसारख्या चाचणीने निदान झाले, तर प्रतिबंधक पेनिसिलीन व लसीकरण या साध्या उपायांनी अनेक बालके वाचतात, हा जगभरचा अनुभव आहे.

एचपीएलसी चाचणीचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. हे यंत्र रक्तातील वेगवेगळ्या हिमोग्लोबिनांचे प्रमाण वेगळे करून दाखवते. त्यात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचा टक्काही असतो. तो टक्का म्हणजे गॅमा जनुकांच्या कामाची अप्रत्यक्ष पण विश्वसनीय मोजदाद. आरएनए वाचणाऱ्या कोट्यवधी रुपयांच्या यंत्राशिवाय, जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत बसूनही ती करता येते. परंतु रुग्णाच्या हाती पडणाऱ्या कार्डावर तो वाहक की रुग्ण याची नोंद असणे आणि हा टक्का वर्षागणिक नोंदवून त्यानुसार उपचार ठरवणे, यांत मोठे अंतर आहे. मोहिमेचे यश तपासलेल्या लोकांच्या संख्येवर मोजले जात असेल, तर दुसऱ्या प्रकारच्या नोंदीकडे कोणाचे लक्ष जाणार?

स्वस्त औषध, अवघड सातत्य

जनुकाचे काम मोजण्याचा सर्वांत थेट लाभ एका जुन्या, स्वस्त औषधाच्या रूपाने आधीच हाती आलेला आहे. हायड्रॉक्सीयुरिया हे मूळचे कर्करोगावरील औषध गॅमा जनुकांना पुन्हा थोडे कामाला लावते. १९९५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत या औषधामुळे वेदनेच्या झटक्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. १९९८ मध्ये अमेरिकेत सिकलसेलसाठी त्याला मान्यता मिळाली. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय बालकांत कमी मात्रेतही हे औषध परिणामकारक ठरते, हे २०१२ मध्ये दाखवून दिले. भारतीय रुग्णांची गॅमा जनुके मुळातच थोडी जागी असल्याने त्यांना कमी मात्रा पुरते, असा त्यामागचा तर्क आहे. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च आणि कमी दुष्परिणाम. आदिवासी भागासाठी याहून अनुकूल गोष्ट कोणती?

औषध मात्र रोज आणि वर्षानुवर्षे घ्यावे लागते. त्याने पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून ठरावीक काळाने रक्ततपासणी करावी लागते. गर्भारपणात ते टाळावे लागते, म्हणून तरुण स्त्रियांना समुपदेशन लागते. येथेच खान्देशातील वास्तव आड येते. दिवाळीनंतर या पट्ट्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातकडे आणि राज्यातील अन्य साखर पट्ट्यांत जातात. पाच-सहा महिने गाव रिकामे असते. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णाची नोंद आहे, तेथे तो नसतो. जेथे तो असतो, तेथे त्याची नोंद नसते. अतिश्रम, शरीरातील पाण्याचे प्रमाण घटणे आणि थंडी ही सिकलसेलचा झटका येण्याची प्रमुख कारणे. डिसेंबरच्या कडाक्यात फडावर पालात झोपणारा आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हात राबणारा रुग्ण या सर्व कारणांना एकाच वेळी सामोरा जातो. जनुके कितीही अनुकूल असली, तरी अशा परिस्थितीत ती किती पुरणार, हाही प्रश्न आहेच.

अठरा कोटींचा उपचार

दुसऱ्या टोकाला आधुनिक जनुकीय उपचार आहे. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ रोजी क्रिस्पर तंत्रावर आधारलेल्या कॅसजेव्ही या उपचाराला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्या मूलपेशी बाहेर काढून त्यांतील बीसीएल११ए ही कळ तांबड्या पेशींपुरती निकामी केली जाते आणि त्या पेशी पुन्हा शरीरात सोडल्या जातात. सिकलसेलचे चुकीचे अक्षर तसेच राहते. गॅमा जनुके मात्र पुन्हा चालू होतात. चाचणीत पुरेसा काळ देखरेखीखाली असलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग वर्षभर एकही तीव्र झटका आला नाही. जनुकाचे काम मोजण्याच्या शास्त्राचे याहून मोठे यश सांगता येणार नाही. या उपचाराची अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये आहे.

भारतानेही या दिशेने पाऊल टाकले आहे. दिल्लीच्या जनुकशास्त्र व समवेत जीवविज्ञान संस्थेने विकसित केलेला, बिरसा मुंडा यांच्या स्मरणार्थ ‘बिरसा १०१’ असे नाव दिलेला उपचार नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केला आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले. परदेशी उपचाराच्या तुलनेत तो अत्यल्प खर्चात देण्याचा मानस आहे. ही अभिमानाची बाब आहे. तथापि उपचाराची किंमत उतरली, तरी त्याआधी तीव्र रसायनांनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, कित्येक आठवडे निर्जंतुक कक्षात राहावे लागते आणि प्रजननक्षमतेवर परिणाम होण्याचा धोका असतो. अशा सोयी प्रामुख्याने महानगरांत एकवटलेल्या आहेत. धडगाव वा शिरपूरच्या पाड्यावरून निघालेले कुटुंब रोजगार बुडवून तीन-चार महिने मोठ्या शहरात राहील, हे गृहीत धरता येत नाही. जनुकीय उपचाराचे स्वप्न जरूर पाहावे. पण ज्या पाड्यावर हायड्रॉक्सीयुरियाची गोळी दर महिन्याला पोहोचत नाही, तेथे ते स्वप्न दाखवून आजची जबाबदारी टळू नये.

कोणाचा नकाशा?

या प्रश्नाला आणखी एक पैलू आहे. मानवी अवयवांतील जनुकांच्या कामाचा सर्वांत मोठा नकाशा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेतील जीटेक्स प्रकल्पाचे अंतिम विश्लेषण २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ८३८ दात्यांच्या ऊती तपासण्यात आल्या आणि त्यांतील सुमारे ८५ टक्के दाते युरोपीय वंशाचे होते. जगभरातील औषधसंशोधन अशा नकाशांच्या आधारे चालते. भारताच्या जीनोम इंडिया प्रकल्पाने सुमारे १० हजार भारतीयांच्या जनुकसंचाचे वाचन करून ही दरी काहीशी भरून काढली. ८० हून अधिक लोकसमूहांचा समावेश असलेली ही माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. परंतु तीही मुख्यतः अक्षरांची यादी आहे. सातपुड्यातील माणसाच्या अस्थिमज्जेत ही जनुके किती काम करतात, याचा मीटर अजून वाचायचा आहे.

तो वाचण्यासाठी लागणारी पायाभूत सामग्री खान्देशात अगदीच नाही असे नाही. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. जळगाव येथील कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात जीवशास्त्राचे अध्यापन व संशोधन चालते. जन्मतः निदान झालेल्या बालकांची एकत्रित नोंदवही ठेवणे, प्रत्येकाच्या गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचा टक्का, झटक्यांची संख्या आणि औषधाचा परिणाम दरवर्षी नोंदवणे, अल्फा थॅलेसेमियाची तपासणी त्याला जोडणे, ही कामे या संस्थांनी मिळून हाती घेतली, तर काही वर्षांत खान्देशातील सिकलसेलचे खरे चित्र उभे राहील. ऊसतोडीच्या हंगामात रुग्णाची नोंद त्याच्यासोबत गुजरातमधील आरोग्य केंद्रापर्यंत जावी, अशी व्यवस्था दोन राज्यांच्या आरोग्य यंत्रणांना सहज उभी करता येईल.

मात्र हे करताना ज्यांचे रक्त घेतले जाते, त्यांचा विसर पडता कामा नये. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या कुटुंबाला त्याच्या भाषेत माहिती देऊन संमती घेणे, तपासणीचा निष्कर्ष त्याच्यापर्यंत परत पोहोचवणे आणि त्या नमुन्यांवर आधारलेल्या उपचाराचा लाभ प्रथम त्याच समाजाला मिळेल याची हमी देणे, या किमान अटी आहेत. कार्डावरील ‘वाहक’ या शब्दामुळे मुलीचे लग्न मोडल्याच्या तक्रारी या पट्ट्यात नव्या नाहीत. वाहक हा रुग्ण नसतो, तो सर्वसामान्य आयुष्य जगतो, आणि दोन वाहकांनी विवाह केला तरी गर्भजल तपासणीसारखे पर्याय उपलब्ध असतात, हे समजावून सांगितल्याशिवाय वाटलेले कार्ड उपकारापेक्षा अपकारच अधिक करते.

‘उच्चाटन’ हा शब्द सरकारी कागदपत्रांत आकर्षक दिसतो. जनुकाचे उच्चाटन होत नसते. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले हे अक्षर २०४७ मध्येही सातपुड्यातील माणसांच्या ११ व्या गुणसूत्रावर असणारच आहे. त्या अक्षरामुळे होणारे बालमृत्यू आणि वेदना थांबवणे मात्र आजच्या ज्ञानाच्या आवाक्यात आहे. त्यासाठी किती लोकांचे रक्त तपासले यासोबतच, जन्मतः निदान झालेली किती बालके पाच वर्षांची झाली, किती रुग्णांच्या गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचा टक्का औषधाने वाढला आणि किती जणांची गोळी वर्षभरात एकदाही चुकली नाही, हे आकडे दरवर्षी तालुकावार जाहीर झाले पाहिजेत. मोहिमेची पहिली फेरी पूर्ण होत आली असताना हा बदल करण्याची हीच योग्य वेळ आहे.